सात महिन्यांचा अँटीव्हायरस, हरवलेला इनबॉक्स आणि पत्राखालची ती ओळ

तीन वर्षांचा परवाना एकदम घेतला तर स्वस्त पडतो, एवढ्याच हिशेबाने हा अँटीव्हायरस मी लॅमिंग्टन रोडवरून आणला. त्यामुळे पुढच्या मनस्तापात माझ्या काटकसरीचाही वाटा आहे. गिरगावातील आमच्या लहानशा कार्यालयात हिशेब लिहिण्याचे काम चालते आणि अशिलांची बिले पीओपीने, म्हणजे सर्व्हरवरची पत्रे संगणकावर उतरवून घेण्याच्या पद्धतीने, थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममध्ये उतरतात. सहा महिने तक्रारीला जागा नव्हती. सातव्या महिन्याच्या १९ तारखेला, म्हणजे जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणपत्राच्या मुदतीच्या आदल्या दिवशी, इनबॉक्स उघडला तर तो रिकामा होता.

थंडरबर्ड मूळ मांडणीत एका फोल्डरची सगळी पत्रे एकाच फाइलमध्ये साठवतो. त्यातल्या एका पत्राला जोडलेली फाइल संशयास्पद वाटताच अँटीव्हायरसने इनबॉक्सची ती अख्खी फाइलच क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइलींच्या बंदिस्त कप्प्यात, टाकली होती. मदतकेंद्राने पाऊण तास ताटकळत ठेवून विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला दिला. मी तो मानला नाही. क्वारंटाइनमधून फाइल परत आणली आणि पत्रे जशीच्या तशी मिळाली. मग थंडरबर्डच्या गोपनीयता व सुरक्षा विभागात जाऊन प्रत्येक नवे पत्र स्वतंत्रपणे अडवण्याची मुभा अँटीव्हायरसला देणारा पर्याय चालू केला. आता आलेले पत्र आधी तात्पुरत्या फाइलमध्ये उतरते, तपासले जाते आणि नंतरच इनबॉक्सला जोडले जाते. साठवणीचे फोल्डर तपासणीतून वगळले. तात्पुरत्या फाइलींचे मात्र वगळले नाही.

इथवर माझे मत वाईटच होते आणि त्याचे खरे कारण, सांगायला संकोच वाटतो, हरवलेला इनबॉक्स हे नव्हतेच. आम्ही पाठवलेल्या प्रत्येक पत्राच्या तळाशी हा अँटीव्हायरस 'विषाणूमुक्त' अशी स्वतःची जाहिरात चिकटवत असे. पैसे मी मोजले, पत्र माझे, आणि जाहिरात यांची! बँकेला पाठवलेल्या ताळेबंदाखालीही ती ओळ गेली. सेटिंगमध्ये बंद केली, तरी पुढच्या अपडेटनंतर ती पुन्हा उगवली.

शेवटी ईमेल तपासणीच बंद केली. ९९५ या पोर्टवरून, म्हणजे पीओपीच्या सुरक्षित जोडणीतून, कूटबद्ध होऊन येणारी पत्रे वाचण्यासाठी हा अँटीव्हायरस मध्ये स्वतःचे प्रमाणपत्र (सर्व्हरची ओळख पटवणारी डिजिटल खूण) घुसवत असे आणि थंडरबर्डची प्रमाणपत्रांची यादी विंडोजपासून वेगळी असल्याने अधूनमधून इशारे येत, तेही त्याबरोबर थांबले. सुरक्षा गेली का, हे पाहण्यासाठी ईआयसीएआर ही, अँटीव्हायरसने विषाणू समजून पकडावी म्हणूनच बनवलेली, निरुपद्रवी ६८ बाइटची चाचणी फाइल स्वतःलाच पाठवली. पत्र उतरले, पण जोडलेली फाइल डिस्कवर साठवताच रिअल-टाइम तपासणीने ती पकडली. तेव्हा मत बदलले. मूळ काम हा चोख करतो.

परवान्याची दोन वर्षे पाच महिने शिल्लक आहेत. पैसे भरलेले असल्याने ती वापरणारच. प्रत्येक अपडेटनंतर मात्र स्वतःला एक कोरे पत्र पाठवतो आणि त्याचा तळ पाहतो.