आईला घेऊन जायचंय: प्राग की व्हिएन्ना?

आम्ही दोन्ही शहरं एकाच सहलीत केली. चार दिवस प्राग, चार दिवस व्हिएन्ना, मध्ये रेल्वेचा चारेक तासांचा प्रवास. सोबत सत्तरी ओलांडलेली, गुडघ्याचा त्रास असलेली आई आणि आठ वर्षांची लेक. तेव्हापासून ओळखीतले लोक विचारतात, रजा थोडी आहे, दोन्हींपैकी एकच जमेल, तर कुठलं करू?

नुसतं देखणेपण बघायचं तर प्राग. १३५७ मध्ये काम सुरू झालेल्या चार्ल्स पुलावर आम्ही उजाडता उजाडता गेलो होतो. दोन्ही कठड्यांवरचे पुतळे, खाली व्ल्टावा नदी, वर टेकडीवर किल्ला, आणि माणूस क्वचितच. लेक तर १४१० च्या त्या खगोलीय घड्याळापुढून हलायला तयार नव्हती. दर तासाला वरच्या खिडक्यांतून येशूचे शिष्य फिरतात, ते तिला पुन्हा पुन्हा बघायचे होते.

आई मात्र तेव्हा हॉटेलवर होती. कारण रस्ते.

प्रागच्या जुन्या भागातले फुटपाथ म्हणजे पांढऱ्या-करड्या दगडांचे छोटे छोटे चौकोनी तुकडे, नक्षीत बसवलेले. दिसायला अंगणातल्या रांगोळीसारखे. पण दोन दगडांच्या फटीत आईच्या काठीचं रबरी टोक रुतायचं. ती थांबायची, काठी ओढून काढायची, खाली बघून पुढचं पाऊल टाकायची, की पुन्हा तेच. किल्ल्याचा चढ २२ नंबरच्या ट्रॅमने वाचला, पण आत गेल्यावर पुन्हा दगडच. दुसऱ्या संध्याकाळी गुडघा सुजला आणि ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी बसते." आमच्या प्रागच्या बहुतेक फोटोंत आई नाही. मला ते अजून लागतं.

व्हिएन्नातही जुने दगडी रस्ते आहेतच. पण ग्राबेन, कर्टनर स्ट्रासे हे मधले मोठे रस्ते सपाट फरशीचे, वाहनं जवळपास नाहीतच, आणि जागोजागी बाक. नव्या ट्रॅमची पायरी इतकी बसकी की आई कुणाचा हात न धरता चढली. १ नंबरच्या ट्रॅममधून ऑपेरा, संसद, नगरभवन असं सगळं तिने खिडकीशी बसून पाहिलं. शोनब्रुन राजवाड्याच्या आवारात लेकीसाठी १७५२ पासूनचं प्राणिसंग्रहालय होतं आणि आईसाठी बागेतली छोटी गाडी, जी वर टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानींच्या इमारतीपर्यंत नेते. दमलं की कॉफीहाउस. एक कॉफी, सोबत पाण्याचा ग्लास, मग तासभर बसा, कुणी उठवत नाही.

व्हिएन्ना महाग पडतं, हे मान्य. राहणं, खाणं, तिकिटं, सगळंच. दोघंच जाणार असाल, पाय धड असतील, तर प्राग चुकवू नका असंच म्हणेन. घरातलं वडीलधारं माणूस सोबत असेल, तर निदान आमच्या अनुभवावरून तरी मी व्हिएन्नाकडे झुकतो. फक्त दूध, ब्रेड, फळं शनिवारीच आणून ठेवा, रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. आणि प्रागच ठरलं, तर हॉटेल २२ नंबरच्या ट्रॅमच्या एखाद्या थांब्याजवळ बघा.