पिंजऱ्यातला विषारी साप: मांबा, गबून, नाग की बूमस्लँग, खरा धोका कोणाचा?

"जगातला सगळ्यात विषारी साप" अशी यादी बघून कोणता साप ठेवायचा ते ठरवणाऱ्यांसाठी हे लिहितोय, कारण ती यादी इथे फारशी कामाची नाही. ती उंदरांवरच्या चाचणीवरून बनते, किती विषाने निम्मे उंदीर मरतात त्यावरून, आणि तिच्यात ऑस्ट्रेलियाचा इनलँड तायपान पहिला येतो, जो मुळात बुजरा साप आहे. बघायचं असतं ते हे की टाकी साफ करताना आणि खायला देताना साप वागतो कसा, चावला तर हातात वेळ किती, आणि त्याचं अँटीव्हेनम, म्हणजे विषावरचा उतारा, मिळणार कुठून.

ब्लॅक मांबा आणि गबून वायपर यांच्यात लोक फार अडकतात. मांबा सहज अडीच मीटरचा, चपळ, हुकवर (साप उचलायच्या आकडीच्या काठीवर) टिकत नाही, उलट हुकवरूनच हाताच्या दिशेने येतो आणि एका झटक्यात दोनतीनदा चावू शकतो. विष मज्जासंस्थेवर जातं, श्वास बंद पडतो, उपचार नाही मिळाले तर वाचणं जवळपास अशक्य. गबून तासन्तास एका जागी पडून असतो, फुसफुसतो पण चावायला सहसा येत नाही, म्हणून नवशिक्याला तो चालेल असं सर्रास सांगतात आणि हे मला अजिबात पटत नाही. 5 सेंमीपर्यंतचे विषदंत आहेत त्याचे, सगळ्या सापांत लांब, एका दंशात विषही भरपूर सोडतो, आणि भक्ष्याचा वास लागल्यावर त्याचा वार डोळ्याला दिसतसुद्धा नाही. मांब्यासमोर माणूस कायम सावध असतो, गबूनसमोर हळूहळू सैल पडतो. तरीही अनुभवी माणसाने दोघांतून निवडायचा तर गबून, कारण तो हुकने बॉक्समध्ये नीट हलवता येतो, मांब्याला मदतीला दुसरा जाणकार माणूस लागतोच.

नाग त्यामानाने कळतो, फणा काढून आधी सांगतो. विष थुंकणाऱ्या जाती मात्र दोन मीटरवरूनसुद्धा डोळ्यांवर नेम धरतात, त्यामुळे त्यांच्या टाकीजवळ डोळे झाकणाऱ्या सुरक्षा चष्म्याशिवाय जायचंच नाही. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी आवाज करते, चावली की लगेच दुखतं, सूज येते, पुढे रक्त गोठत नाही आणि किडन्या जातात. मण्यार मला या तिघांत जास्त धोक्याची वाटते. दिवसा वेटोळ्यात डोकं खुपसून गरीब पडलेली, अंधार झाला की वेगळीच, आणि दंश इतका कमी दुखतो की माणूस "काही झालं नाही" म्हणून घरी थांबतो आणि काही तासांनी पापण्या उघडेनाशा होतात. अँटीव्हेनम आणि व्हेंटिलेटर वेळेत मिळालं तर माणूस वाचतो, पण त्यासाठी तो आधी निघाला पाहिजे ना.

मागच्या दातांच्या सापांना, म्हणजे ज्यांचे विषदंत जबड्यात मागे असतात त्यांना, हलकं घेऊ नका. 1957 मध्ये कार्ल श्मिटसारखा नामांकित सर्पतज्ज्ञ बूमस्लँग या आफ्रिकेतल्या झाडावरच्या सापाच्या पिल्लाच्या चाव्याने दुसऱ्याच दिवशी गेला, उपचार न घेता लक्षणं लिहून ठेवत होता. 1975 मध्ये जर्मन सर्पतज्ज्ञ रॉबर्ट मर्टेन्स स्वतः पाळलेल्या ट्विग स्नेकला (हाही आफ्रिकेतला, मागच्या दातांचा) खायला देताना चावून घेऊन 18 दिवसांनी गेले. बूमस्लँगचं अँटीव्हेनम दक्षिण आफ्रिकेत बनतं, ट्विग स्नेकचं नाहीच.

अमेरिकन कॉपरहेडने माणूस मरणं फार दुर्मीळ, पण हात सुजून बोट कायमचं अधू होऊ शकतं. विषारीच ठेवायचा हे पक्कं असेल, कायद्याने परवानगी असेल आणि शिकवणारा जाणकार सोबत असेल, तर सुरुवात याच्यापासून.

आणि रंग बघून ज्यांचा जीव बुश वायपरवर (आफ्रिकेतला झाडावरचा छोटा विषारी साप) जडलाय त्यांना कळकळीने सांगतो, आकाराने छोटा आहे म्हणून धोका छोटा नाही. त्याच्यासाठी खास असं अँटीव्हेनम नाही, चावला तर डॉक्टर फक्त लक्षणांवर उपचार करत राहणार, म्हणून माझ्या हिशोबात तो गबूनपेक्षाही वरच्या धोक्यात बसतो.