‘दॅट ही गो’ की ‘दॅट ही शुड गो’?

सजेस्ट, डिमांड, रेकमेंड, इन्सिस्ट या क्रियापदांपुढे ‘दॅट’ आलं की पुढचं क्रियापद कोणत्या रूपात लिहायचं, इथे भलेभले अडखळतात. खरं तर दोन्ही रूपं बरोबर आहेत.

‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट ही टेक रेस्ट’ हे पहिलं वळण. कर्ता ‘ही’ असूनही ‘टेक्स’ नाही, मुख्य क्रियापद भूतकाळी असूनही ‘टुक’ नाही. मूळ रूप जसंच्या तसं. नकारसुद्धा थेट: ‘दॅट ही नॉट ट्रॅव्हल’. मध्ये ‘डझ’ घुसवायचं नाही. अमेरिकन इंग्रजीत हेच जास्त चालतं. ब्रिटिश वळणात ‘ही शुड टेक रेस्ट’ अधिक रुळलेलं आहे, आणि ‘त्याने विश्रांती घ्यावी’ म्हणणाऱ्या आपल्याला ते पटकन जमतं.

कस लागतो तो ‘इन्सिस्ट’मध्ये. ‘शी इन्सिस्टेड दॅट ही वॉज देअर’ म्हणजे तो तिथे होता, असं ती ठासून सांगत राहिली. ‘दॅट ही बी देअर’ म्हटलं की त्याने तिथे असावं, हा तिचा आग्रह. एक दावा, दुसरी मागणी! केवढा फरक पडतो बघा.

ठराव आणि नियमावलीत मी पहिलं वळण निवडेन, कारण ते नेमकं आहे. बोलताना ‘शुड’ सोपं. मात्र आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं ‘सजेस्टेड हिम टू गो’ प्रमाण इंग्रजीत कुठल्याच वळणात बसत नाही.