घरचा पीसी, मुंबईतलं व्हीपीएस की स्वस्तातला जर्मन सर्व्हर?

‘मित्रांसोबत खेळायचा माइनक्राफ्टचा सर्व्हर लॅग होतोय, म्हणजे अडखळतोय; रॅम वाढवू का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असंच असतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असला हा प्रकार आहे. दुसरीकडे पैसे भरण्याआधी दुखणं नेमकं कुठे आहे ते बघा, कारण घरचा पीसी, मुंबईतलं व्हीपीएस (डेटा सेंटरमधल्या मोठ्या मशिनचा भाड्याने घेतलेला तुकडा) आणि जर्मनीतला भाड्याचा सर्व्हर, या तिन्ही पर्यायांची दुखणी वेगवेगळी आहेत.

माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० टिक (खेळातलं जग पुढे सरकवणारी एकेक पायरी) चालवतो, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद मिळतात. फोडलेला ब्लॉक परत जागेवर येतोय आणि गायी-झोंबी एका क्षणी सगळ्यांकडेच थिजतायत, तर सर्व्हरला टिक आवरत नाहीये. एकटाच मित्र मागे खेचला जातोय, तर त्याचं नेट बघा. खेळाडू इकडेतिकडे सुरळीत फिरतायत पण एकाचं चित्रच अडखळतंय, तर त्याचा ग्राफिक्स कार्ड बिचारा दमलाय. त्यात सर्व्हरचा काही दोष नाही. आवृत्ती १.२०.३ पासून एका टिकला किती वेळ लागतो ते दाखवणारी ‘टिक क्वेरी’ ही कमांड आहे, ‘पेपर’ या सर्व्हर सॉफ्टवेअरवर ‘एमएसपीटी’. टीपीएस (सेकंदाला टिक) २० दिसतंय म्हणून खूश होऊ नका. एका टिकला ४५ मिलिसेकंद लागत असतील, तर अजून दोन मित्र आले की गाडी अडणारच.

आता पर्याय. घरच्या पीसीला लोक फार कमी लेखतात, असं मला वाटतं. माइनक्राफ्टचं मुख्य काम एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे कोअर किती यापेक्षा एक कोअर किती वेगवान, यावर सगळं ठरतं. तिथे चार-पाच वर्षांपूर्वीचा बरा डेस्कटॉपही स्वस्त व्हीपीएसच्या वाटून घेतलेल्या कोअरला सहज मागे टाकू शकतो. अडचण येते ती नेटची. राउटरच्या पानावर वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यांपैकी काहीने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात (अनेक घरांत मिळून बाहेरचा एकच पत्ता) आणि माइनक्राफ्टचं पोर्ट २५५६५ कितीही वेळा फॉरवर्ड केलात तरी बाहेरून कुणी आत येणार नाही. केबलवाल्याकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा न बदलणारा पत्ता मागा. महिन्याला थोडे जास्त पैसे घेतो, पण बरेच जण देतात. नाहीतर सगळ्यांचे पीसी एका खासगी जाळ्यात जोडणारं टेलस्केलसारखं काही सगळ्यांनी टाकायचं. थेट जोडणी जमली तर छान, नाही जमली तर डेटाचं पॅकेट मधल्या रिले सर्व्हरवरून वळसा घालून येतं.

घरच्या सर्व्हरवर अजून एक चोर असतो. आईच्या फोनचे फोटो बॅकअपला लागले की अपलोड भरतं, पॅकेट राउटरमध्ये रांग लावतात आणि १५ चा पिंग (जाऊन-येऊन लागणारे मिलिसेकंद) ३०० वर जातो. राउटरमध्ये ही रांग आवरणारी एसक्यूएम नावाची सोय असेल तर ती चालू करून वेग प्रत्यक्षाच्या ९० टक्क्यांवर बांधा. सर्व्हर लॅन केबलवरच ठेवा, कारण बिल्डिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर शेजारचे पंधरा राउटर भांडत असतात. विजेचा हिशेब सोपा आहे: ८० वॉटचा पीसी रात्रंदिवस चालला तर महिन्याला साधारण ५८ युनिट. आणि पावसाळ्यात गच्चीवरून गच्चीवर गेलेली फायबर तुटली की तो दिवस गेला.

मुंबईतलं व्हीपीएस. ॲमेझॉनचं मुंबई रिजन २०१६ पासून आहे, गुगल आणि मायक्रोसॉफ्टही आहेत. डोंबिवलीहून पिंग बहुधा २० च्या आतच मिळतो. इथे सापळा आहे तो स्वस्त ‘बर्स्टेबल’, म्हणजे थोडा वेळच पूर्ण वेग देणाऱ्या मशिनचा. सीपीयूचे क्रेडिट साठलेले असतात तोवर मजा, मग ऐन रंगात आल्यावर एकतर वेग पडतो किंवा जादा बिल लागतं. लिनक्सच्या ‘टॉप’ कमांडमध्ये ‘एसटी’चा आकडा सतत वर असेल, तर तुमच्या वाट्याचा सीपीयू शेजारी खातोय. फायदा असा की तासावर पैसे लागतात. खेळून झालं की बंद करायचं. डिस्कचं भाडं मात्र चालूच राहतं.

गंमत म्हणजे सर्व्हर मुंबईत असला तरी पॅकेट मुंबईतच राहील असं नाही. दोन नेटवर्कांची इथे देवाणघेवाण नसेल, तर ते चेन्नई किंवा सिंगापूर फिरून येतं. म्हणून वर्षाचं पॅकेज घेण्याआधी रात्री नऊ-दहाला प्रत्येक मित्राच्या घरून एमटीआर (वाटेतला प्रत्येक टप्पा तपासणारं साधन) चालवून बघा. मधल्याच एका टप्प्यावर लॉस (हरवलेली पॅकेट) दिसला आणि पुढे नसला, तर सोडून द्या. शेवटपर्यंत टिकला तरच तो खरा.

जर्मनीतल्या सर्व्हरला रॅम भरपूर, प्रोसेसरही दमदार आणि भाडं कमी. पण फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो आणि फ्रँकफर्ट सरळ रेषेतच साडेसहा हजार किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद तर निसर्गालाच द्यावे लागतात. समुद्राखालच्या केबलचा वळसा धरला की पिंग शंभराच्या बऱ्याच वर जातो. सिंगापूर अधलंमधलं.

घरं बांधायची, शेती करायची, तर दीडशेचा पिंगही चालून जातो. युरोपात किंवा आखातात शिकणारं भावंड खेळत असेल तर उलट तेच न्याय्य. काउंटर-स्ट्राइक २ हा नेमबाजीचा खेळ खेळणार असाल तर जर्मनीचा विचारच सोडा. तिथे सेकंदाला ६४ टिक असतात, म्हणजे साधारण १५.६ मिलिसेकंदाला एक. तिथे मुंबईच.

ठाणे-दादर-वसईची सहा-आठ जणांची टोळी असेल आणि स्टॅटिक आयपी मिळत असेल, तर मी घरच्या डेस्कटॉपला चार-सहा जीबी देऊन सुरुवात करेन. त्याहून फुगवलेल्या रॅमने मेमरीतला नको असलेला कचरा साफ करताना जावा कधीकधी जास्तच वेळ थबकतं. टिक जड असतील तर सिम्युलेशन डिस्टन्स (खेळाडूभोवतीचं किती जग चालू ठेवायचं) मूळच्या १० वरून ६ वर आणा, ‘चंकी’ या प्लगइनने नकाशा आधीच तयार करून ठेवा, जग एसएसडीवर असू द्या. तरीही अडखळलं तर वेळ कुठे जातो ते दाखवणारं ‘स्पार्क’ लावून दहा मिनिटं खेळा. बहुतेक वेळा त्यात कुणाच्या तरी कोंबड्यांच्या फार्मचं नाव निघतं, आणि तो फार्म आवरायला पैसे लागत नाहीत, फक्त त्या मित्राची समजूत काढावी लागते.