मुलीच्या नावाचे खाते, जे कधी उघडलेच नव्हते

जर्मनीत शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते आणि आपल्याकडची बहुतेक मुले ती ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे आधी सगळी रक्कम भरून मग दरमहा ठरावीक पैसेच काढता येणाऱ्या खात्यातून दाखवतात. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो झाली. जानेवारी २०२५ मध्ये आम्ही त्यापोटी दहा लाख एकाहत्तर हजार रुपये आरटीजीएसने भरले, पण ज्या खात्यात भरले ते माझ्या मुलीचे नव्हते, परदेशी शिक्षणाची कामे करून देणाऱ्या कन्सल्टन्सीचे चालू खाते होते. मी स्वतः एका पतसंस्थेत पंचवीस वर्षे काढली आहेत. ठेवीच्या पावतीवर नावातली वेलांटी चुकली तरी ती परत पाठवणारा माणूस मी, आणि मीच हे केले, हे आधी सांगून टाकतो.

नाशिकमध्ये कॅनडा कॉर्नर नावाचा चौक असला तरी आमच्या ओळखीतल्या मुलांची ओढ अलीकडे जर्मनीकडे आहे, कारण तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. मुलगी इंजिनिअर झाल्यावर आम्ही कॉलेज रोड परिसरात या कन्सल्टन्सीच्या ज्या कार्यालयात गेलो, तिथे आम्हाला ‘संपूर्ण पॅकेज’ दाखवण्यात आले. भारतीय पदव्यांची पडताळणी करणारे एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचे आहे. त्याचे अधिकृत शुल्क अठरा हजार रुपये असताना आमच्याकडून पस्तीस हजार घेतले. व्हिसाच्या अपॉइंटमेंटचे पंधरा हजार वेगळे घेतले, वास्तविक अपॉइंटमेंटला पैसे पडत नाहीत, व्हिसाचे शुल्क तेवढे ७५ युरो असते. एवढी लूट मी समजून-उमजून सोसली. धावपळ वाचते, तर चार पैसे जास्त गेले, अशी मनाची समजूत घातली.

पॅकेजमधली एक ओळ मात्र तेव्हाच खटकायला हवी होती. ‘रेसिडेन्स परमिटची’, म्हणजे जर्मनीत राहण्याच्या परवान्याची, ‘हमी’ या नावाखाली चाळीस हजार रुपये लावले होते. नंतर मुलीने स्वतः वाचून काढले तेव्हा कळले, की हा परवाना नाशिकमधून कोणी मिळवून देऊच शकत नाही. विद्यार्थी साधारणपणे काही महिन्यांच्या मुदतीच्या व्हिसावर जर्मनीत उतरतो, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत त्या शहराच्या कार्यालयात आपला पत्ता नोंदवतो, त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते, आणि मग तेथील परदेशी नागरिक कार्यालयाकडे परवान्यासाठी अर्ज करतो. बोटांचे ठसे द्यायला त्याला स्वतःलाच हजर राहावे लागते. आमच्या एजंटने मात्र ‘तिकडे आपला माणूस आहे’ एवढ्यावर भागवले होते, आणि मुलगी ज्या घरात कधी राहणारच नव्हती त्या घराचे मालकाचे पत्रही देऊ केले होते. खोट्या पत्त्याच्या अशा पत्रांना तिथे दंड आहे.

आता मुख्य पैशांबद्दल. खऱ्या पद्धतीत विद्यार्थी आपल्या पासपोर्टवर, स्वतःच्या नावाने, ऑनलाइन खाते उघडतो आणि पालकाची बँक परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म भरून घेऊन परकीय चलनात पैसे थेट त्या खात्यात पाठवते. त्या वेळी शिक्षणासाठी सात लाखांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक पाच टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापत असे. एजंटने नेमके तिथे बोट ठेवले. “काका, आम्ही युरो घाऊक घेतो, दर चांगला लागतो, शिवाय तुमचे टीसीएसचे साडेअठरा हजार वाचतात,” असे तो म्हणाला. हिशेब बरोबर होता, म्हणून विश्वास बसला. टीसीएस हा काही बुडीत खर्च नव्हे, तो विवरणपत्र भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो, हे मला ठाऊक असूनही त्या खुर्चीवर बसल्या बसल्या आठवले नाही.

चौथ्या दिवशी खाते उघडल्याचे पत्र ईमेलवर आले. वर निळी पट्टी, खाली सही, कोपऱ्यात क्यूआर कोड आणि मध्ये ११,९०४ हा आकडा. मुंबईच्या अपॉइंटमेंटसाठी पंचवटी एक्स्प्रेसची तिकिटे काढली होती. आदल्या रात्री मुलगी कागद क्रमाने लावत असताना थबकली. “पप्पा, यात महिन्याला ९३४ युरो मिळतील असं लिहिलंय.” तिने बाराने गुणले, तर ११,२०८ आले, आणि ही रक्कम सप्टेंबर २०२४ च्या आधीची होती. कोणाच्या तरी जुन्या पत्रावर नाव आणि एकूण रक्कम बदलली होती, महिन्याचा आकडा बदलायचा राहून गेला होता. आम्ही मुंबईला गेलो नाही. पत्रावर नाव असलेल्या जर्मन कंपनीला मुलीने ईमेल केला, दुसऱ्या दिवशी उत्तर आले, की या क्रमांकाचे खाते त्यांच्याकडे नाही.

त्यानंतरचे सोळा दिवस ‘सर्व्हर अपडेट चालू आहे’, ‘तिकडे सुट्टी आहे’ हे ऐकण्यात गेले आणि तीच माझी दुसरी मोठी चूक ठरली. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन केला तेव्हा त्या खात्यात काहीच उरले नव्हते; पहिल्या काही तासांत तक्रार गेली असती तर पैसे गोठवता येण्याची शक्यता होती. एजंटने दोन धनादेश दिले, दोन्ही न वटता परत आले. धनादेश न वटल्याबद्दलची कलम १३८ ची नोटीस बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत द्यावी लागते, ती मुदत तेवढी मी पाळली. भारतीय न्याय संहितेखाली फसवणुकीचा गुन्हाही दाखल झाला आहे.

तक्रार देताना आणखी कुटुंबे भेटली. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या मुलाने असेच पत्र न तपासता अर्जाला जोडले होते. त्याचे पैसे तर गेलेच, वर बनावट कागद दिल्याचा ठपका त्याच्या नावावर आला आणि व्हिसा नाकारला गेला. नकाराविरुद्ध वकिलातीकडेच फेरविचार मागण्याची सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाल्यामुळे त्याला आता नव्याने अर्ज करावा लागणार आहे, आणि त्यात आधीचा नकार लपवता येणार नाही.

आमच्या मुलीचे ते सत्र हुकले. एपीएस प्रमाणपत्र मात्र खरे निघाले, त्यामुळे तिला पुन्हा प्रवेश मिळवता आला. या वेळी शैक्षणिक कर्ज काढले, खाते तिने घरी बसून स्वतः उघडले आणि पैसे बँकेने थेट तिच्या नावावर पाठवले. पत्र आल्यावर मी आधी पासपोर्ट शेजारी ठेवून नावाचे एकेक अक्षर जुळवले, मग कॅल्क्युलेटरवर ९९२ ला बाराने गुणले.