हब की फ्लिप-ओव्हर? गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जाण्यापूर्वी

मिनेसोटात पहिला हिवाळा कसाबसा काढला की दुसऱ्या वर्षी ऑफिसातलं कुणीतरी मिल लॅक्स तळ्यावर घेऊन जातंच. तिथून परतल्यावर प्रश्न येतो तंबूचा. दुकानात मुख्यतः दोन जाती दिसतात.

हब म्हणजे छत्रीसारखा उघडणारा तंबू. चारही भिंतींच्या आणि छताच्या मधोमध असलेला एकेक गोळा बाहेर ओढला की तो ताठ उभा राहतो. चार जणांचा हब साधारण १५ ते २० किलोचा. आत उभं राहता येतं, पोरं मावतात, थर्मासमधला चहा फिरतो. पण एकदा ठोकला की हलवायचा कंटाळा येतो.

फ्लिप-ओव्हर हा घसरगाडीवरच बसवलेला तंबू. खुर्चीवर बसायचं आणि छत डोक्यावरून पुढे ओढायचं, अर्ध्या मिनिटात घर तयार. दोघांचा घेतला तर ४० ते ६० किलो भरतो, पायी ओढताना घाम काढतो. तरी मासे शोधत फिरायचं असेल तर याला तोड नाही. १९८०च्या दशकात डेव्ह गेन्झ या इथल्याच मासेमाराने हा प्रकार रुजवला, तो याच हट्टापायी: मासा नसेल तर बर्फातल्या पुढच्या भोकाकडे चला. वॉलाय या इथल्या लाडक्या माशाच्या मागे लागलेल्या माणसाला हे पटतं. कुटुंब घेऊन जाणाऱ्याला मी हबच सांगेन.

अस्तर असलेला घ्या, दोन्हींत. साध्या कापडाच्या छतावर श्वासाची वाफ जमते आणि मानेवर टपटपते.

आता उभारणी. आधी बर्फ मोजा: स्वच्छ, नवा बर्फ चालत जायला किमान ४ इंच, पांढरा, दुधाळ बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट. ऑगरने, म्हणजे बर्फ भोसकायच्या गिरमिटाने, वाटेत भोकं पाडत मोजत जायचं. हब असेल तर वाऱ्याकडची बाजू सगळ्यात आधी स्क्रूच्या खुंटीने बर्फात पक्की करा, मगच बाकीच्या भिंती उघडा. माझा पहिला हब मी उलट क्रमाने उभारला. तो तळ्यावरून गडगडत गेला आणि मी जाड बूट घालून त्याच्या मागे. खालच्या झालरीवर बाहेरून हिम लोटलं की वारा आत शिरत नाही.

शेगडी प्रोपेनची असते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून हवेची खिडकी थोडी उघडी ठेवा आणि अलार्म सोबत न्या. इथे पैसे वाचवू नका.

आवरताना झालर बर्फाला चिकटलेली असेल तर हिसडा मारू नका, कापड फाटतं. भोवतीचा बर्फ पायाने फोडून ती सोडवा. घरी आल्यावर गॅरेजमध्ये तंबू उघडून वाळवा, नाहीतर मार्चपर्यंत बुरशी चढते.