माहिती प्रणालीची पदवी: डेटाबेस पक्का, हिशेब कच्चा

माहिती प्रणालीची, म्हणजे संस्थांच्या कामासाठी संगणक प्रणाली बांधायला शिकवणारी पदवी घेऊन मला चार वर्षं झाली. कॉलेजचं नाव देत नाही, मला बोलायचंय ते अभ्यासक्रमाबद्दल.

डेटाबेस फार छान शिकवला. एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञाने १९७० साली मांडलेल्या रिलेशनल मॉडेलपासून (माहिती टेबलांच्या रूपात मांडायची पद्धत) तिसऱ्या नॉर्मल फॉर्मपर्यंत (तीच माहिती पुन्हा पुन्हा साठू नये म्हणून टेबलं विभागायचा नियम) सगळं सरांनी आमच्याकडून कागदावर टेबलं काढून घेत करवून घेतलं. नेटवर्किंग ठीक. प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणजे नुसत्या स्लाइड्स.

उणीव आहे ती, ज्या कामासाठी प्रणाली बांधायची त्या कामाच्या ज्ञानाची. हिशेबाचा एकच पेपर, तोही पहिल्या सत्रात. पुढच्या एकाही प्रोजेक्टशी त्याचा संबंध आला नाही.

नोकरीत पहिलंच काम आलं खातेवहीच्या स्क्रीनचं. मी प्रत्येक नोंदीसमोर ‘डिलीट’चं बटण दिलं. हिशेब विभागातल्या मॅडम म्हणाल्या, “अगं, पोस्ट झालेली, म्हणजे खात्यात पक्की झालेली नोंद खोडायची नसते. चुकली तर उलट नोंद टाकायची. दोन्ही दिसल्या पाहिजेत, नाहीतर ऑडिटरला माग कसा लागणार?” लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाचं द्विनोंदी पद्धतीवरचं (प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंना लिहायची पद्धत) लेखन १४९४ साली छापलं गेलं, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. त्या पद्धतीमुळे टेबलाची रचना कशी बदलते, हे मात्र वर्गात कधी निघालंच नाही.

मग साठ्याचं काम. समजा, १० नग १०० च्या दराने आले, नंतर १० नग १२० च्या दराने, आणि १२ विकले. आधी आलेले आधी गेले असं धरलं तर विकलेल्या मालाची किंमत १२४०, भारित सरासरीने १३२०. मी टेबलात एकूण नग आणि एकच सरासरी दर ठेवला होता. कोडमध्ये एकही एरर नव्हती, पण पहिल्या पद्धतीचं उत्तर त्यातून निघणंच शक्य नव्हतं. शेवटी खरेदीच्या प्रत्येक लॉटला स्वतंत्र ओळ दिली. तीन आठवडे त्यात गेले.

एसीएम (संगणकशास्त्राची) आणि एआयएस (माहिती प्रणालीची) या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या २०१० च्या आदर्श अभ्यासक्रमात, ज्यासाठी प्रणाली बांधायची त्या क्षेत्राच्या ज्ञानाला स्वतंत्र जागा आहे, आणि ते क्षेत्र व्यवसायाचंच हवं असंही नाही. आरोग्य घ्या, शासन घ्या.

तरीही ही पदवी घ्या असंच मी सांगेन. फक्त प्रवेशाआधी विचारा: शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विभागाबाहेरचं कुणी वापरून बघतं का? माझा फक्त परीक्षकांनी पाहिला, दहा मिनिटं.